घातांक काढायचाय: फ्रेक्स्प, आयलॉगबी की सरळ बिटच?

सी भाषेत एखाद्या डबलचा (चौसष्ट बिटांच्या अपूर्णांकी संख्येचा) घातांक, म्हणजे त्यात मावणाऱ्या दोनाच्या सर्वांत मोठ्या घाताचा आकडा, हवा असला की चार वाटा समोर येतात. फ्रेक्स्प, लॉगबी आणि तिची धाकटी बहीण आयलॉगबी, संख्येचे बिट हाताने उचकटून मधले अकरा काढणं, आणि लॉग२ घेऊन त्यावर फ्लोअर मारणं. (फ्रेक्स्प म्हणजे एफ-आर-ई-एक्स-पी. उच्चार ज्याचा त्याने ठरवावा, मी असाच करतो.) या चारही मी कधी ना कधी खऱ्या कामात वापरल्या आहेत आणि त्यातल्या दोनांनी मला रात्री जागवलं आहे. आज माझा हात आपसूक कुठे जातो ते सांगतोच, पण तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, हे आधीच मान्य करून टाकतो.

लॉग२ची वाट पहिल्यांदा बंद करू, म्हणजे बाकीच्यांकडे नीट बघता येईल. आठच्या लगेच खालचा डबल घ्या. तो आठपेक्षा लहान आहे, तेव्हा घातांक २ यायला हवा. पण त्याचा खरा लॉग तीनच्या इतका जवळ असतो की डबलमध्ये बसवताना त्याचा चक्क ३.० होतो, आणि फ्लोअर इमानदारीत ३ सांगतो. यात लायब्ररीचा दोष नाही. तिने राउंडिंग अगदी बिनचूक केलं तरी हेच होणार, कारण ३च्या खालच्या दोन शेजारी डबलांमधलं अंतरच तेवढं मोठं आहे. दोन लॉगचा भागाकार करणाऱ्यांची अवस्था याहून वाईट: १०००चा नैसर्गिक लॉग भागिले १०चा नैसर्गिक लॉग केलं तर २.९९९९९९९९९९९९९९९६ हातात पडतं. शिवाय ऋण संख्येला नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही' असं उत्तर. घातांक ही संख्येच्या आत लिहूनच ठेवलेली गोष्ट आहे, ती लॉगरिदमने अंदाजून काढायची गरज नाही.

आता बिट. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, मीही केली. आयईईई ७५४ या अपूर्णांकी संख्यांच्या मानकाने १९८५ साली मांडणी ठरवून दिली: डबलमध्ये एक बिट चिन्हाचा, अकरा घातांकाचे, बावन्न अपूर्णांकाचे, बायस (घातांकात आधीच मिळवून ठेवलेला आकडा) १०२३. मग काय, ५२ने उजवीकडे सरकवा, अकरा बिटांचा मास्क लावा, १०२३ वजा करा. एका ओळीचं काम. मास्क विसरलात तर −३.०चा घातांक १ऐवजी २०४९ येतो, म्हणजे चूक निदान ओरडून सांगते.

त्या ओळीच्या आधीची ओळ मात्र जास्त घातकी आहे. डबलच्या पॉइंटरला चौसष्ट बिटांच्या पूर्णांकाचा पॉइंटर समजून वाचणं हे सी मान्य करत नाही. जीसीसी कंपायलरमध्ये ओ२ हे ऑप्टिमायझेशन लावलं की स्ट्रिक्ट एलियासिंग आपोआप चालू होतं आणि कंपायलर असं धरून चालतो की हे दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नसणार. माझा कोड डीबग बिल्डमध्ये महिनाभर सुरळीत चालला आणि रिलीज बिल्डमध्ये जुनीच किंमत वाचायला लागला. मी दोन दिवस घातांकाच्या गणितात चूक शोधत बसलो होतो, गणित बिचारं बरोबर होतं. युनियनमधून वाचणं सीमध्ये चालतं, सी++मध्ये नाही. म्हणून दोन्हीकडे चालणारा मेमकॉपी बरा. नाव ऐकून वाटतं फंक्शन कॉल होईल, पण आठ बाइटांचा मेमकॉपी कंपायलर एका रजिस्टरमधून दुसऱ्यात हलवण्याच्या एका सूचनेवर आणून ठेवतो. याबाबत शंका असेल तर असेंब्ली उघडून बघा, समाधान होतं.

बिटवाल्यांचं खरं दुखणं सबनॉर्मल, म्हणजे नॉर्मल डबलांच्या तळाखालच्या अतिसूक्ष्म संख्या. घातांकाचे सगळे बिट शून्य असले की बायस वजा करून −१०२३ येतं, मग संख्या दोनाचा −१०२३वा घात असो की −१०७४वा. घातांक जणू तिथेच गोठतो. त्यावर उपाय आहे: शून्य नसेल तर दोनाच्या एखाद्या मोठ्या घाताने गुणा, घातांक काढा, तेवढा वजा करा. मस्ल या सी लायब्ररीची फ्रेक्स्प हेच करते, दोनाच्या ६४व्या घाताने गुणते आणि स्वतःलाच पुन्हा बोलावते. तुमचा डेटा फ्लोट (बत्तीस बिटांचा) असेल तर याहून सोपी युक्ती आहे: आधी डबलमध्ये टाका. फ्लोटचा सर्वांत लहान सबनॉर्मल दोनाचा −१४९वा घात, आणि डबल −१०२२पर्यंत नॉर्मलच असतो, तेव्हा फ्लोटच्या जगातली सबनॉर्मलची कटकट डबलमध्ये उरतच नाही. कुणी फास्ट-मॅथ (अचूकतेपेक्षा वेग बघणारा कंपायलरचा पर्याय) लावून प्रोसेसरला सबनॉर्मल शून्य धरायला सांगितलं असेल तर मात्र रूपांतरातच ती संख्या शून्य होते. पण फास्ट-मॅथ लावून सबनॉर्मलची काळजी करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

इतकं सगळं लिहून झालं की त्या एका ओळीच्या बारा-पंधरा ओळी झालेल्या असतात. तेव्हा कुठे मनात येतं की हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असणार.

लिहिलेलं आहे, आणि एकदा नाही, दोनदा. इथेच खरी निवड सुरू होते.

फ्रेक्स्प जुनी, सी८९पासूनची, त्यामुळे सगळीकडे सापडते. ती संख्येचे दोन तुकडे करते: मँटिसा (घातांक बाजूला काढल्यावर उरणारा गुणक) परत देते आणि घातांक तुम्ही दिलेल्या पॉइंटरवर ठेवते. आयलॉगबी सी९९मध्ये आली आणि फक्त घातांक देते, इंटमध्ये. लॉगबी तेच उत्तर डबलमध्ये देते. सबनॉर्मल दोघीही नीट सांभाळतात, ते आपण विसरून जायचं.

पहिला फरक सगळ्यांना ठाऊक असतो आणि तरी सगळेच त्यावर ठेचकाळतात. ८.०ला आयलॉगबी ३ म्हणते आणि फ्रेक्स्प ४. फ्रेक्स्पची मँटिसा अर्धा ते एक या पट्ट्यात असते, आयईईईची एक ते दोन या पट्ट्यात. जुन्या पीडीपी-११वरही मँटिसा अर्धा ते एकमध्येच धरत, त्या काळी त्यात वावगं काही नव्हतं. गंमत म्हणजे सीच्या फ्लोट हेडरमधले स्थिरांक अजूनही फ्रेक्स्पच्याच बाजूचे आहेत: डबलचा कमाल घातांक तिथे १०२४ लिहिलेला असतो, पण सर्वांत मोठा डबल आयलॉगबीला दिला तर ती १०२३ म्हणते. तेव्हा फ्रेक्स्प चुकीची आणि आयलॉगबी बरोबर असं काही नाही. घरातच दोन चालीरीती आहेत. पूर्णांकाला किती बिट लागतात हे हवं असेल तर फ्रेक्स्पचीच चाल सोयीची, आठला चार बिट लागतात आणि ती चारच सांगते. (फार मोठे पूर्णांक डबलमध्ये टाकताना वर राउंड होतात, तेवढं सांभाळा.) ही एकची तफावत मला फार खटकत नाही. एक वजा करायचा, शेजारी कॉमेंट लिहायची, झालं.

मला खटकलं ते शून्य.

काम असं होतं: ऑडिओचे फ्लोट नमुने चौसष्ट-चौसष्टच्या गठ्ठ्यांत घ्यायचे, प्रत्येक गठ्ठ्यातला सर्वांत मोठा घातांक शोधायचा, तो गठ्ठ्यावर एकदाच लिहायचा आणि सगळे नमुने त्या मापाने सोळा बिटांत बसवायचे. ब्लॉक फ्लोटिंग पॉइंट म्हणतात ते. मी प्रत्येक नमुन्याला फ्रेक्स्प लावली आणि मोठ्यात मोठा घातांक ठेवला. चाचणीसाठी साइन लाट आणि थोडा गोंगाट मिसळून दिला. सगळं झकास.

खऱ्या ध्वनिमुद्रणात, आवाज हळूहळू विरत जातो त्या शेवटच्या भागात खरखर यायला लागली. सलग नाही. एखादा गठ्ठा स्वच्छ, पुढचा वाळू टाकल्यासारखा, मग परत चार स्वच्छ. आधी वाटलं राउंडिंग चुकतंय. मग वाटलं गठ्ठ्यांच्या सीमेवर काहीतरी होतंय. शेवटी एक खरखरणारा गठ्ठा छापून समोर ठेवला. त्यातले चार नमुने साधारण असे होते: ०.००१, −०.०००७, ०, ०.०००४.

फ्रेक्स्पने यांचे घातांक दिले −९, −१०, ० आणि −११.

यातला सर्वांत मोठा कोणता? शून्य. म्हणजे ज्या नमुन्यात काहीच नाही तोच गठ्ठ्यातला सर्वांत मोठा ठरला. शून्याला फ्रेक्स्प मँटिसाही शून्य देते आणि घातांकही शून्य, स्टँडर्डच तसं सांगतं. आणि शून्य हा घातांक अर्धा ते एकमधल्या कुठल्याही धडधाकट संख्येचाही असतो. फक्त घातांक बघणाऱ्याला ०.७ आणि ० यांत फरकच दिसत नाही. मापासाठी −९ धरला असता तर ०.००१चा १६७७७ झाला असता आणि ०.०००४चा ६७११. शून्य धरल्यामुळे ते अनुक्रमे ३३ आणि १३ झाले. सोळातले नऊ बिट पाण्यात. मूळ आवाज सोळा बिटांच्या पूर्णांकांतून आलेला होता आणि त्यावर विरत जाण्याचा गुणाकार केलेला. शून्याला कशानेही गुणलं तरी ते शून्यच राहतं, म्हणून ज्या गठ्ठ्यात लाट नेमकी शून्यावर सापडली तोच खरखरायचा. माझ्या चाचणीतल्या गोंगाटात नेमकं शून्य एकदाही आलं नव्हतं.

फ्रेक्स्पच्या बाजूने बोलणारे म्हणतील, शून्य आधी तपासायचं होतं. खरं आहे. पण चूक झाली तर ती कशी दिसते, यावर मी आता निवड करतो. फ्रेक्स्पची चूक खऱ्या उत्तराचे कपडे घालून येते.

तोच गठ्ठा आयलॉगबीला दिला. −१०, −११, इंटची किमान किंमत म्हणजे −२१४७४८३६४८, आणि −१२. सर्वांत मोठा −१०. बरोबर. शून्य आपोआप तळाला गेलं, वेगळी तपासणी न लिहिता. लॉगबी हेच उणे अनंत देऊन करते, तेही तत्त्वाला धरून. फक्त तिथे शून्याने भागल्याचा फ्लॅग (प्रोसेसरमधली चुकीची खूण) उठतो आणि उत्तर डबलमध्ये येतं, जे मला पुढे परत इंटच करायचं असतं. म्हणून लॉगबी माझ्याकडे फारशी राहिली नाही.

आयलॉगबीचंही सगळं आलबेल नाही. पूर्ण शांत गठ्ठा आला, चौसष्टही शून्य, तेव्हा कमाल घातांक म्हणून तो राक्षसी उणा आकडाच हातात राहिला आणि पुढच्या ओळीत १४मधून तो वजा झाला. सॅनिटायझर (चालू प्रोग्राममधल्या अशा चुका पकडणारं साधन) लावलेला होता, त्याने लगेच ओळ क्रमांकासकट ठणकावलं: साइन्ड ओव्हरफ्लो, १४ वजा −२१४७४८३६४८ इंटमध्ये मावत नाही. पाच मिनिटांत सापडली चूक. फ्रेक्स्पची सापडायला आठवडा गेला होता.

आणखी एक खोच सांगून ठेवतो. शून्याला आयलॉगबीने नेमकं काय द्यावं हे स्टँडर्डने दोन पर्यायांवर सोडलं आहे: इंटची किमान किंमत, किंवा कमाल किमतीचा उणा. नॅनलाही दोन पर्याय, इंटची कमाल किंवा किमान. अनंताला मात्र नेहमी कमाल. परिणाम असा की एक्स८६ प्रोसेसरवर ग्लिबीसी या सी लायब्ररीमध्ये शून्य आणि नॅन या दोघांना तोच आकडा मिळतो. तेव्हा उत्तराकडे बघून 'हे शून्य होतं' असं ठरवायला जाऊ नका. त्यासाठी दिलेले मॅक्रोही इथे तुम्हाला वाचवणार नाहीत, कारण दोन्ही मॅक्रोंची किंमत एकच. संख्या आधीच तपासा. आणि शून्य, नॅन, अनंत यांवर आयलॉगबी इनव्हॅलिड फ्लॅग उठवते. फ्लॅगवर सापळा लावणारा प्रोग्राम असेल तर तो तिथे कोसळेल.

पण अनंत आणि नॅनच्या बाबतीत फ्रेक्स्प तरी कुठे धड आहे? तिथे घातांक काय असेल हे स्टँडर्ड सांगतच नाही. ग्लिबीसी शून्य ठेवते. मस्ल तुमच्या पॉइंटरला हातच लावत नाही, म्हणजे चल आधी भरून ठेवला नसेल तर त्यात जो कचरा होता तोच घातांक म्हणून तुम्ही पुढे वापरता. हे मला मस्लचा कोड वाचताना कळलं, अनुभवाने नाही, याबद्दल मी नशिबाचा आभारी आहे.

तो पॉइंटरही एक बारीक छळ आहे. घातांक एखाद्या समीकरणाच्या मध्येच हवा असला तरी आधी चल जाहीर करा, त्याचा पत्ता द्या, मँटिसा नको असली तरी परत घ्या आणि फेकून द्या. आयलॉगबी सरळ समीकरणात बसते. उलट मँटिसाही हवी असेल, म्हणजे स्वतःचा घनमूळ किंवा लॉग लिहिताय, किंवा संख्या दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्यासाठी तुकडे करताय, तर फ्रेक्स्पला तोड नाही. तिथे एका हाकेत दोन्ही तुकडे मिळतात आणि एलडीएक्स्प ते जसेच्या तसे परत जोडते. तिथे शून्याला शून्य हे उत्तरही योग्यच ठरतं: शून्य मँटिसा, शून्य घातांक, जोडलं की परत शून्य. बहुधा फ्रेक्स्प त्या कामासाठीच केलेली होती आणि मी तिला भलत्या कामाला जुंपलं.

वेगाचं काय, हे तुम्ही विचारणारच. माझ्या यंत्रावर प्रत्येक नमुन्याला आयलॉगबी लावली तेव्हा ती प्रोफायलरमध्ये वरच्या ओळींत दिसली, बिटवाली ओळ लावली तेव्हा दिसेनाशी झाली. कारण उघड आहे: बिटांचं गणित कंपायलर व्हेक्टरमध्ये एकावेळी अनेक नमुन्यांवर करतो, लायब्ररीतला कॉल तो तसा मोडू शकत नाही. शिवाय बिटवाल्या ओळीत शून्याला −१०२३ मिळतं, म्हणजे माझ्या कामापुरतं तेही सभ्यपणे तळाला जातं. कोटीच्या संख्येने घातांक हवे असतील तर बिट आणि मेमकॉपी घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एव्हीएक्स-५१२ असलेल्या प्रोसेसरवर तर घातांक काढण्याची वेगळी सूचनाच आहे.

माझा वेगाचा प्रश्न मात्र वेगळ्याच रीतीने सुटला आणि सांगायला थोडं ओशाळं वाटतं. कोड बघताना एका सहकाऱ्याने विचारलं, "चौसष्ट घातांक काढून त्यातला मोठा शोधण्यापेक्षा चौसष्टातला सर्वांत मोठा नमुना शोध ना, आणि त्याचा एकच घातांक काढ." मी काही क्षण गप्प बसलो. निरपेक्ष किमतींची कमाल हे व्हेक्टरमध्ये आरामात होतं, आणि मग घातांकाचा कॉल गठ्ठ्यामागे एकदाच. तो कितीही संथ असला तरी कुणाला फरक पडत नाही.

अशा मांडणीत फ्रेक्स्पही चालली असती, पूर्ण शांत गठ्ठा सोडून. पण मी आयलॉगबीच ठेवली. आधी कमाल शून्य आहे का ते बघतो, असेल तर गठ्ठा रिकामा म्हणून नोंदवतो, नाहीतर आयलॉगबी. उद्या कुणी ती पहिली तपासणी काढून टाकली तर सॅनिटायझर बोंब मारेल. फ्रेक्स्प असती तर सगळं गुपचूप चालू राहिलं असतं. खरं सांगायचं तर एवढ्याच कारणावर मी आयलॉगबीच्या बाजूला आहे.

ज्यांना जुने कंपायलर सांभाळायचे आहेत त्यांच्यासाठी एक अडचण: सी९९ची ही फंक्शनं काहींकडे फार उशिरा आली, व्हिज्युअल स्टुडिओत तर २०१३च्या आवृत्तीत. त्याआधीचं काही चालवायचं असेल तर फ्रेक्स्प आणि उणे एक, शून्याच्या तपासणीसह. सी२३मध्ये एललॉगबीही आली आहे, उत्तर लाँगमध्ये देणारी. मला तिची गरज अजून पडलेली नाही.

माझ्याकडे एक जुनी फाइल अजून फ्रेक्स्पवरच आहे. त्या ओळीवर माझ्याच हातची कॉमेंट आहे, "इथे शून्य येत नाही". का येत नाही, ते लिहिलेलं नाही. आज संध्याकाळी तिथे एक असर्ट (अट मोडली की प्रोग्राम थांबवणारी ओळ) टाकून बघणार आहे.